एक ते दहा ऐका, इंग्रजीचा ॲक्सेंट ओळखा

फोनवर ग्राहकांची नावं लिहून घ्यायचं काम मी काही वर्षं केलं. अगदी सुरुवातीला एका ऑस्ट्रेलियन बाईंना मी नावाचं स्पेलिंग विचारलं. त्या म्हणाल्या, "एम, आय, वॉय." मी 'एम, आय, वाय' असं लिहिलं आणि खात्रीसाठी वाचून दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "नो, आय. आय फॉर ॲपल."

ॲपल ऐकलं आणि माझा पेन थांबला. बाईंचं नाव मे होतं. त्या 'ए'च म्हणत होत्या, पण माझ्या कानावर तो 'आय' होऊन पडत होता. आणि मग लक्षात आलं की त्यांनी 'वाय'चा 'वॉय' केला होता, तो मी ऐकूनही सोडून दिला होता. ए सरकून आयच्या जागेवर गेला, म्हणून आयला पुढे सरकून ऑय व्हावं लागलं. बाकावर एक जण सरकला की शेजारच्यालाही सरकावं लागतं, तसंच. हा नियम कळल्यावर पुढच्या प्रत्येक ऑस्ट्रेलियन ग्राहकाचं बोलणं मला सोपं होत गेलं, आणि मला ॲक्सेंटचा नादच लागला.

नव्याने ऐकायला सुरुवात करणाऱ्यांना मी एकच सांगेन: ॲक्सेंट म्हणजे बिघडलेलं इंग्रजी नाही. त्यात पक्के नियम असतात, आणि एक नियम हाती लागला की त्यामागचे शेकडो शब्द आपोआप उलगडतात. हे नियम शोधायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आकडे. वन ते टेन, वर नंबर, थर्टी, हंड्रेड आणि घड्याळातली वेळ, एवढ्यावर बरंच काम होतं. आकडे आपल्याला आधीच पाठ असतात, त्यामुळे अर्थ लावण्यात शक्ती जात नाही आणि कान फक्त ध्वनीकडे लावता येतो. शिवाय आकडे म्हणत नाही असा माणूस नाही. मुलाखत, सामना, हवामान, बातमी, काहीही लावा, पाच मिनिटांत आकडे येतातच.

पहिली पायरी : वही देवनागरीत ठेवा

चहा आणि चाक या शब्दांतले दोन च वेगळे आहेत. लिहिताना अक्षर एकच, तरी आपल्याला फरक ऐकू येतो, कारण तो लहानपणापासून कानात बसलेला आहे. ज्या फरकाची सवय नाही, तो कान सरळ गाळून टाकतो. म्हणून ऐकलेलं लगेच लिहायचं, आणि स्पेलिंग मनात न आणता देवनागरीत लिहायचं. रोमन अक्षरांत लिहिलंत तर हात ओळखीचं स्पेलिंगच लिहील आणि खरा ध्वनी निसटेल. देवनागरीतही सगळे स्वर नेमके पकडता येत नाहीत, पण 'आइट' की 'एट', 'टेन' की 'टिन' एवढं नक्की टिपता येतं. एका वेळी वीस-तीस सेकंदांचाच तुकडा घ्या आणि तोच चार-पाच वेळा ऐका.

दुसरी पायरी : 'फोर'मधला र शोधा

पहिली चाळणी हीच. जगातल्या इंग्रजीचे ढोबळ दोन गट पडतात, र म्हणणारे आणि र गिळणारे. बहुतेक अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि स्कॉटलंड इथे 'फोर'चा र स्पष्ट ऐकू येतो. इंग्लंडचा बहुतेक भाग, वेल्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका इथे तोच शब्द 'फॉ' होतो, कार 'का' होते आणि नंबर 'नंबा' होतो.

यामागे इतिहास आहे. इंग्रज अमेरिकेत स्थायिक होऊ लागले सतराव्या शतकात, तेव्हा इंग्लंडमध्येही र म्हणत असत. लंडनच्या बोलीतून शब्दाच्या शेवटचा आणि व्यंजनाआधीचा र गळत गेला तो प्रामुख्याने अठराव्या शतकात. ऑस्ट्रेलियात ब्रिटिशांची पहिली वसाहत झाली १७८८ मध्ये, म्हणजे र गळायला लागल्यानंतर. त्यामुळे सिडनीचा 'फॉ' लंडनशी जुळतो आणि शिकागोचा 'फोर' जुळत नाही.

अपवाद मात्र लक्षात ठेवा. अमेरिकेत बॉस्टन आणि जुनं न्यूयॉर्क र गिळतं. न्यूयॉर्कबद्दल विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये केलेली पाहणी मला फार आवडते. महागडं, मध्यम आणि स्वस्त अशी तीन मोठी दुकानं त्याने निवडली. चौथ्या मजल्यावर मिळते हे आधीच माहीत असलेली वस्तू कुठे आहे, असं तो तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारायचा. उत्तर यायचं, "फोर्थ फ्लोर." दोन शब्द, आणि र ऐकायच्या दोन संधी. नीट ऐकू न आल्यासारखं करून तो पुन्हा विचारायचा, की माणूस जरा जपून बोलायचा. महागड्या दुकानात र सर्वांत जास्त आला, स्वस्त दुकानात सर्वांत कमी. म्हणजे न्यूयॉर्कात र म्हणणं प्रतिष्ठेचं होतं, आणि त्याच काळात लंडनमध्ये र न म्हणणं प्रतिष्ठेचं होतं. ध्वनीत मुळात उच्च-नीच काही नसतं, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

र गिळणारे लोक कधीकधी नसलेला र घालतातही. 'लॉ अँड ऑर्डर' हे इंग्लंडमध्ये सर्रास 'लॉर अँड ऑडा' असं ऐकू येतं, कारण दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये र येतो. बॉस्टनकडचे, म्हणजे मॅसेच्युसेट्सचे अमेरिकी अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या १९६२ च्या क्यूबा क्षेपणास्त्र पेचप्रसंगाच्या वेळच्या भाषणात 'क्यूबा'चा 'क्यूबर' झालेला ऐकू येतो, तो याच सवयीतून.

इंग्लंडमध्येही नैर्ऋत्येकडच्या डॉर्सेट, सॉमरसेट, डेव्हन या भागांत र जिवंत आहे, आणि चांगला भरदार आहे. सिनेमातले समुद्री चाचे र ताणून बोलतात ना? १९५० च्या एका चित्रपटात डॉर्सेटमध्ये जन्मलेल्या रॉबर्ट न्यूटन या नटाने चाच्याची भूमिका याच ढंगात केली आणि पुढे ती रीतच पडली.

तिसरी पायरी : 'थ्री' आणि 'थर्टी'

इंग्रजीतला थ जीभ दातांना लावून हवा सोडत काढायचा असतो आणि तो जगातल्या फार थोड्या भाषांत आहे. त्यामुळे 'थ्री' म्हणताना बोलणाऱ्याचं मूळ लवकर कळतं. आयर्लंडमध्ये अनेकांच्या तोंडी तो 'ट्री' होतो आणि 'थिंक'चा जवळजवळ 'तिंक' होतो. आयरिश भाषेत थ नव्हता, तिची ही छाया. जमैकातही 'ट्री'च ऐकू येईल, पण तिथली लय अगदी निराळी. लंडनच्या कॉकनी बोलीत आणि आता इंग्लंडच्या बऱ्याच शहरांतल्या तरुणांत 'फ्री' होतो, आणि 'ब्रदर'चा 'ब्रव्हा'.

'थर्टी'त तर दोन खुणा एकत्र सापडतात, कारण त्यात मधला ट आहे. अमेरिकन माणूस दोन स्वरांमधला ट जिभेच्या टोकाने हलकेच टिचकी मारून म्हणतो, तो आपल्याला ड किंवा र वाटतो. म्हणून 'थर्डी', 'फोर्डी', 'वॉडर'. 'ट्वेंटी'तला ट तर बऱ्याचदा नाहीसाच होतो आणि 'ट्वेनी' उरतं. लंडनमध्ये हाच ट घशात जातो. खोकण्याआधी क्षणभर घसा बंद होतो तसा तिथे झटका बसतो आणि ट ऐकूच येत नाही. ग्लासगोतही असंच होतं, पण ग्लासगोचा माणूस 'थर्टी'तला र सोडत नाही. र आहे आणि ट घशात गेलाय, असं ऐकलंत तर स्कॉटलंडकडे बोट दाखवा. र नाही आणि ट घशात गेलाय, तर बहुधा इंग्लंड.

चौथी पायरी : सिक्स, सेव्हन, टेन

ही माझी सर्वांत लाडकी पायरी आहे. इथे न्यूझीलंड सापडतं.

न्यूझीलंडच्या माणसाला आकडे म्हणायला लावा. सिक्स 'सक्स' होतो, सेव्हन 'सिव्हन', टेन 'टिन'. पुन्हा तीच बाक सरकण्याची गोष्ट: 'ॲ' वर सरकून 'ए'च्या जागी गेला, 'ए' सरकून 'इ'च्या जागी, आणि जागा न उरलेला 'इ' मागे सरकून 'अ' झाला. त्यामुळे तिथे 'चेक इन' हे 'चिकिन'सारखं ऐकू येतं आणि अनेकांच्या बोलण्यात 'बीअर' आणि 'बेअर' एकच होतात. ऑस्ट्रेलियन माणूस मात्र सिक्स जरासा 'सीक्स'कडे झुकवून म्हणतो. या दोन शेजाऱ्यांना वेगळं काढायचं असेल तर बाकी काही न ऐकता फक्त सहाचा आकडा ऐका.

आता एक सापळा. 'टिन' ऐकलं की लगेच न्यूझीलंड लिहू नका. अमेरिकेच्या दक्षिण भागातही टेनला 'टिन' आणि पेनला 'पिन' म्हणतात. पण तिथे हा बदल फक्त न आणि म यांच्या आधी होतो. म्हणून सात हा आकडा निर्णायक ठरतो: टेन 'टिन' झाला आणि सेव्हन 'सेव्हन'च राहिला तर टेक्सस-अलाबामाकडचा माणूस, दोन्ही बदलले तर न्यूझीलंडचा. एवढ्या लहानशा खुणेवरून अर्ध्या पृथ्वीचं अंतर कळतं, याचं मला आजही नवल वाटतं.

न्यूझीलंडचा ॲक्सेंट कसा घडला याचा जवळजवळ थेट पुरावा उपलब्ध आहे. १९४६ ते १९४८ या काळात तिथल्या नभोवाणीची ध्वनिमुद्रणाची गाडी गावोगाव फिरली आणि वृद्धांच्या आठवणी मुद्रित करून घेतल्या. त्यांतले काही जण १८५० च्या दशकात जन्मलेले होते. पुढे क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी हे आवाज तपासले, तेव्हा एकाच गावात वाढलेली माणसंही अगदी वेगवेगळं बोलत असल्याचं दिसलं. सगळ्यांचा मिळून एक ॲक्सेंट नंतरच्या पिढ्यांत जमून आला. देशाच्या दक्षिण टोकाला साउथलंडमध्ये मात्र स्कॉटिश वसाहतवाल्यांचा र अजून ऐकू येतो.

पाचवी पायरी : फाइव्ह, एट, नाइन

ही झटपट होण्यासारखी आहे. एट 'आइट'सारखा आणि नाइन 'नॉइन'सारखा वाटला तर ऑस्ट्रेलिया (कॉकनीतही असंच, म्हणून ट घशात जातोय का ते पाहा). फाइव्ह आणि नाइनमधला इ गळून 'फाव्ह', 'नान' असा लांब आ उरला तर अमेरिकेचा दक्षिण भाग. एट अगदी आपल्या मराठी ए सारखा सरळ, न वळणारा आला तर स्कॉटलंडचा विचार करा. स्कॉटिश बोलीतले ए आणि ओ आपल्यासारखेच सरळ असल्यामुळे मराठी कानाला ते लवकर आपलेसे वाटतात.

सहावी पायरी : 'नंबर', 'हंड्रेड' आणि 'हाफ पास्ट'

हे इंग्लंडची उत्तर आणि दक्षिण वेगळी काढण्यासाठी. उत्तरेत, म्हणजे यॉर्कशर, लँकशर, लिव्हरपूल, न्यूकॅसल इकडे, 'नंबर'चा 'नुंबा' होतो, 'हंड्रेड'चा 'हुंड्रेड', 'बस'चा 'बुस' आणि 'लव्ह'चा 'लुव्ह'. हा उत्तरेचा बिघाड मुळीच नाही. जुना उच्चार उ असाच होता, तो दक्षिणेने सतराव्या शतकात बदलला आणि उत्तरेने ठेवला.

वेळ विचारली तर आणखी बारकावा कळतो. साडेतीन, 'हाफ पास्ट थ्री'. लंडनचा माणूस दोन्हीकडे लांब आ घेतो, 'हाफ पास्ट'. उत्तर इंग्लंडचा माणूस 'हाफ' लांबच ठेवतो, पण 'पॅस्ट' म्हणतो. अमेरिकन माणूस 'हॅफ पॅस्ट'. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांच्या बोलण्यात दोन्ही आ मागे जाऊन 'हॉफ पॉस्ट' वाटतात. आणि 'ओ क्लॉक'चा शेवटचा क घासून ख़ झाला, 'क्लॉख़', तर तो लिव्हरपूलचा स्काउस.

कॅनडा आकड्यांत फारसा पकडता येत नाही, तो अमेरिकेत मिसळून जातो. त्यासाठी 'अबाउट' आणि 'हाउस' हे शब्द ऐका. तिथला आउ अर्ध्यावरूनच सुरू होतो आणि 'अबोउट'सारखा वाटतो. आणि इंग्रजीचं शेवटचं अक्षर 'झी' न म्हणता 'झेड' म्हटलं, तर शंका उरणार नाही.

सातवी पायरी : हेल

ध्वनी झाले, आता हेल. हा शब्दांत सांगायला अवघड आणि ऐकायला सर्वांत गोड भाग. एक उपाय सांगते: आवाज इतका लहान करा की शब्द कळू नयेत, फक्त चढ-उतार कळावेत. बेलफास्ट आणि न्यूकॅसलचा माणूस साधं विधान करतानाही शेवटी वर चढतो, जणू प्रश्नच विचारतोय. दक्षिण वेल्समध्ये आवाज झोक्यासारखा हलतो आणि मधली व्यंजनं दुप्पट होतात, 'रेडी'चं 'रेड्डी' होतं. त्रिनिदादचा हेल तर गाण्याच्या इतक्या जवळचा आहे की एकदा ऐकल्यावर विसरता येत नाही. सिंगापूर आणि नायजेरियात प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ मिळतो, तर लंडनला आघात असलेलं अक्षर लांबतं आणि बाकीची चेंगरून जातात. आपल्यालाही अक्षरामागून अक्षर म्हणायची सवय असल्याने पहिला प्रकार समजायला सोपा जातो.

आठवी पायरी : एकच आवडता निवडा

सात पायऱ्या वाचून सगळं जग एकदम ऐकायला घेऊ नका. जो ॲक्सेंट कानाला आपणहून गोड वाटतो तो निवडा आणि दोन-तीन महिने त्याच्यासोबत काढा. क्रिकेट पाहणाऱ्यांचं काम तर झालेलंच आहे. जेफ्री बॉयकॉट म्हणजे यॉर्कशर, डेव्हिड लॉइड म्हणजे लँकशर, रिची बेनो म्हणजे ऑस्ट्रेलिया, मायकेल होल्डिंग म्हणजे जमैका, इयन स्मिथ म्हणजे न्यूझीलंड. त्यांच्या जुन्या समालोचनांत आकड्यांचा तर पाऊसच असतो.

माझा आवडता स्कॉटिश. तिथे 'गर्ल' म्हणताना र आणि ल दोघांनाही पुरेपूर जागा मिळते आणि 'गेरल' ऐकू येतं, 'वर्ल्ड'चं 'वरल्ड' होतं. 'फिल्म'चं तर 'फिलम'! आयर्लंडमध्येही 'फिलम'च. जोडाक्षर तोंडात अडलं की मध्ये एक बारीक स्वर सरकवायची युक्ती आपल्याकडेही ऐकू येते, ती इतक्या दूर भेटल्यावर मला सख्खं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

सरावासाठी अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाचा 'स्पीच ॲक्सेंट आर्काइव्ह' हा संग्रह वापरा. तिथे जगभरच्या लोकांनी 'प्लीज कॉल स्टेला' असा सुरू होणारा एकच उतारा वाचला आहे. मजकूर तोच असल्याने फरक तेवढा उठून दिसतो, आणि त्या उताऱ्यात सिक्स, फाइव्ह आणि थ्री हे तिन्ही आकडे आहेत. आधी ठिकाणाचं नाव न पाहता ऐका, वहीत तीन आकडे लिहा, अंदाज बांधा, मग नाव पाहा. सुरुवातीला देश चुकेल, काही आठवड्यांनी देश बरोबर येऊन फक्त शहर चुकेल.

नक्कल करायची का, असं बरेच जण विचारतात. घरात एकट्याने मोठ्याने म्हणून पाहा, त्याने कान तयार होतो. पण त्या माणसासमोर त्याचाच ॲक्सेंट काढू नका. उच्चारावरून हिणवलं गेल्याच्या आठवणी अनेकांकडे असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीने यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं, तेव्हा त्यांचा उत्तरेचा उच्चार अनेक श्रोत्यांना रुचला नव्हता. आणि जो 'शुद्ध' मानला जातो तोही कुठे स्थिर असतो? राणी एलिझाबेथ यांच्या नाताळच्या संदेशांची जोनाथन हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी केलेली तुलना २००० मध्ये प्रसिद्ध झाली. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत खुद्द राणीचे स्वर दक्षिण इंग्लंडमधल्या सर्वसामान्य बोलण्याच्या दिशेने सरकलेले त्यांत आढळले.

फोनवर अडलात तर

'पार्डन' एवढंच म्हणून थांबू नका, त्याने समोरचा तेच वाक्य तसंच, फक्त मोठ्याने म्हणतो. अडलेला शब्द नेमका सांगा आणि अक्षर विचारताना सोबत शब्द मागा, 'ए फॉर ॲपल' असा. आकडे एकेक करून परत म्हणून दाखवा. फाइव्ह आणि नाइन यांची गल्लत सर्वांत जास्त होते, म्हणून ते दोन दोनदा तपासा. वैमानिकांनाही हीच अडचण होती. त्यामुळे आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या रेडिओ संभाषणात नाइनचा ठरलेला उच्चार 'नाइनर' आहे, फाइव्हचा 'फाइफ' आणि थ्रीचा 'ट्री', म्हणजे आयर्लंडमध्ये अनेक जण म्हणतात तोच.